‘मी काम केलो’: सोलापुरी व्याकरणाचा इतिहास

‘मी काम केलो’, ‘तू काय करायलास?’, ‘येतो म्हणून सांगितलो होतो’ ही वाक्ये सोलापूर शहरात, दक्षिण सोलापुरात, अक्कलकोटात रोजची आहेत. शाळेच्या वहीत मात्र ती तांबड्या शाईने खोडली जातात आणि बोलणाऱ्याला ‘अशुद्ध’ मराठीचा शिक्का बसतो. या शिक्क्यामागे एक गृहीत असते: प्रमाण मराठी आधीपासून तयार होती, सोलापूरकरांना ती नीट शिकता आली नाही, म्हणून तिचा अपभ्रंश झाला. हे गृहीत इतिहासाला धरून नाही. सोलापुरी बोलीत क्रियापद एका ठरावीक दिशेने वळले, सर्वनामांची व्यवस्था जागची हलली नाही, आणि विशेषणांनी आपले लिंग-वचन सोडले नाही. काय वळले आणि काय वळले नाही, यात एक शिस्त आहे. ती नीट पाहिली तर लक्षात येते की ही बोली अर्धवट शिकण्यातून आलेली नाही. कन्नड, तेलुगू, दखनी आणि मराठी या चार भाषा एकाच पेठेत, एकाच बाजारात, पिढ्यान्‌पिढ्या पूर्णपणे बोलल्या गेल्या, त्यातून ती घडली. शब्दांची उसनवारी कोणालाही दिसते. ‘अक्का’, ‘अण्णा’, ‘अप्पा’ हे शब्द कन्नडमधून आले हे सांगायला अभ्यासक लागत नाही. माणसे एकमेकांजवळ किती काळ आणि कोणत्या नात्याने राहिली हे मात्र व्याकरण सांगते, आणि सोलापूरच्या बाबतीत ते कागदपत्रांपेक्षा स्पष्ट सांगते.

या सहवासाचे वय मोजायला एक दगड उपयोगी पडतो. दक्षिण सोलापूर तालुक्यात भीमा आणि सीना यांच्या संगमावर हत्तरसंग कुडल आहे. तिथल्या संगमेश्वर मंदिरातला शके ९४०चा, म्हणजे इ.स. १०१८चा लेख सोलापूरचे शिलालेख-संशोधक आनंद कुंभार यांनी उजेडात आणला. त्यातले मराठी वाक्य छोटे आहे. हे वाचील तो विजयी होईल, एवढाच त्याचा आशय. पण त्यात क्रियापद आहे, ‘तो’ हे सर्वनाम आहे आणि त्याच्याशी जुळणारे विशेषणही आहे. रायगड जिल्ह्यातल्या अक्षीच्या शके ९३४च्या लेखानंतर अवघ्या सहा वर्षांतला हा लेख मराठीच्या सर्वांत जुन्या कालनिर्दिष्ट लेखांपैकी एक आहे. मात्र हा लेख मराठीच्या एकछत्री मुलखातला नाही. त्याच परिसरातले त्या काळचे कितीतरी लेख कन्नडमध्ये आहेत, कारण राज्य कल्याणीच्या चालुक्यांचे होते. पुढे बाराव्या शतकात सोन्नलिगे, म्हणजे आजचे सोलापूर, हे सिद्धरामेश्वरांचे गाव झाले आणि त्यांनी वचने रचली ती कन्नडमध्ये. बहमनी आणि आदिलशाही काळात दखनी आली. अठराव्या शतकात याच गावच्या शाहीर रामजोशींनी मराठीबरोबर कन्नडही लावणीत खेळवली, आणि ऐकणाऱ्यांना दोन्ही कळत होत्या म्हणूनच ते शक्य झाले. त्यानंतर तेलंगणातून पद्मशाली विणकर येत राहिले, हातमागाच्या पेठा वसल्या, १८७७च्या सुमारास जुनी मिल सुरू झाली आणि पुढच्या गिरण्यांनी चारही भाषांच्या माणसांना एका भोंग्याखाली आणले. तेव्हा सोलापुरात मराठी ‘मूळची’ आणि बाकीच्या ‘बाहेरच्या’, किंवा याच्या उलट, असे म्हणायला हजार वर्षांत कुठेच जागा मिळत नाही. मराठीचा पहिला इथला पुरावाच दुसऱ्या भाषेच्या शेजारी उभा आहे.

आता क्रियापद पाहू. प्रमाण मराठीत चालू क्रिया ‘करत आहे’, ‘करतोय’ अशी सांगतात. सोलापुरात ‘मी करायलोय’, ‘तू करायलास’, ‘तो करायलाय’, ‘ती करायलीय’ असे म्हणतात. हे रूप कुठून आले? ‘करायला लागला’ यातला ‘लागला’ झिजून ‘करायलाय’ झाले, असे दिसते. प्रमाण भाषेत ‘करायला लागला’ म्हणजे क्रिया सुरू झाली. सोलापुरात त्याचा अर्थ सरकून क्रिया चालू आहे असा झाला. हा बदल एकट्या मराठीचा नाही. विजापूर, कलबुर्गी, धारवाडकडच्या कन्नडमध्ये ‘तो करतोय’ला ‘माडाकत्त्यान’ म्हणतात, आणि हे रूप ‘माडलिक्के हत्त्यान’ याचा संकोच आहे. ‘हत्तु’ म्हणजे चिकटणे, लागणे, सुरू होणे. मराठीत ‘आग लागली’, कन्नडमध्ये ‘बेंकी हत्तितु’. म्हणजे दोन्ही भाषांनी एकाच अर्थाचे क्रियापद घेतले, ते एकाच जागी जोडले, त्याचा अर्थ आरंभाकडून सातत्याकडे नेला आणि मग दोघींनी ते सारखेच झिजवले. भाषाकुलांच्या नकाशावर मराठी आर्य आणि कन्नड द्राविड. पण मैसूरची कन्नड आणि पुण्याची मराठी या दोघींपासून दूर जाऊन उत्तर कर्नाटकची कन्नड आणि सोलापूरची मराठी एकमेकींच्या जवळ आल्या. इथे कोणी कोणाकडून घेतले हा प्रश्न विचारणे फारसे उपयोगाचे नाही. ‘लागणे’ हे आरंभ दाखवणारे क्रियापद हिंदीतही ‘करने लगा’ असे आहे, म्हणजे साहित्य मराठीच्या घरातलेच होते. त्याची रचना मात्र दोन भाषा बोलणाऱ्या माणसांनी केली. सकाळी बाजारात एक आणि संध्याकाळी घरात दुसरी भाषा बोलणाऱ्याला दोन वेगळे साचे सांभाळण्यापेक्षा एकाच साच्यात दोन भाषांचे शब्द भरणे सोपे जाते. असे वाक्य बनवायला दोन्ही भाषा अस्खलित याव्या लागतात.

‘मी काम केलो’ याचे प्रकरण अधिक बोलके आहे. प्रमाण मराठीत सकर्मक धातूच्या भूतकाळात कर्मणी प्रयोग होतो. ‘मी भाकरी खाल्ली’ यात क्रियापद भाकरीशी जुळते, खाणाऱ्याशी नाही. कन्नडमध्ये ‘नानु केलस माडिदे’, तेलुगूत ‘नेनु पनि चेशानु’ असे म्हणतात, आणि दोन्हीकडे क्रियापद करणाऱ्याशी जुळते. सोलापुरी ‘मी काम केलो’, ‘मी त्याला सांगितलो’, ‘मी भाकरी खाल्लो’ ही रचना याच वळणाची. पण आक्षेप असा येईल की शेजारच्या भाषेचा साचा जसाच्या तसा उचलला असता तर ‘तो काम केला’ असेही सर्रास झाले असते. मराठी घरांत सहसा तसे होत नाही. तिथे ‘त्यानं काम केलं’ हेच टिकून आहे. हा आक्षेप खरे तर माझ्या मुद्द्याला बळ देतो. ‘मी’ आणि ‘तू’ या सर्वनामांना कर्त्याचा ‘ने’ प्रत्यय लागत नाही. ‘मी गेलो’ आणि ‘मी केले’ यांत सर्वनामाचे रूप एकच राहते. प्रमाण मराठीतही ‘तू काम केलेस’ यातला ‘स’ कर्त्याची खूण बाळगून आहे. शिवाय ‘मी धडा शिकलो’, ‘मी नाव विसरलो’, ‘मी पाणी प्यालो’ ही कर्म असूनही कर्तरी चालणारी वाक्ये प्रमाण व्याकरणालाही मान्य आहेत. म्हणजे दार मराठीने स्वतःच किलकिले ठेवले होते. सोलापूरकराने ते पूर्ण उघडले, आणि तेही फक्त जिथे बिजागरी होती तिथेच. ‘त्यानं’मध्ये ‘नं’ स्पष्ट ऐकू येतो, तिथे कर्मणी प्रयोग टिकला. ‘मी’मध्ये काहीच ऐकू येत नाही, तिथे तो सुटला. ‘केलो’ ही चूक असती तर ती सगळीकडे विखुरली असती. ती एका नियमाच्या आत राहिली आहे, आणि नियम पाळणाऱ्या बोलण्याला अज्ञान म्हणता येत नाही.

वाक्याला वाक्य जोडण्याची रीतही याच इतिहासाची साक्ष देते. ‘तो म्हणाला की मी येतो’ यातला ‘की’ फारसीकडून आला, असे सर्वसाधारणपणे मानतात. सोलापुरात ‘येतो म्हणून सांगितलो’ अशी रचना अधिक कानावर पडते. आधी बोललेले, मग ‘म्हणून’, आणि शेवटी मुख्य क्रियापद. कन्नडमध्ये त्या जागी ‘अंत’ येतो, तेलुगूत ‘अनि’, आणि दखनीत ‘बोलके’. चौघांचाही मूळ अर्थ ‘म्हणून’, ‘बोलून’ असाच आहे, आणि चौघेही वाक्यात एकाच जागी बसतात. दखनीचे उदाहरण विशेष महत्त्वाचे आहे, कारण दिल्लीच्या उर्दूत ही जागा ‘कि’चीच आहे. दक्षिणेत येऊन मुसलमान घरांची भाषाही याच वाक्यरचनेत सामील झाली. संस्कृतातही ‘इति’ होता, जुन्या मराठीतही ‘म्हणून’ होता, हे खरेच आहे. पण एखादी जुनी सोय उत्तरेकडे मागे पडावी आणि दक्षिणेकडे टिकून अधिक वापरात यावी, याचे कारण शेजारातच शोधावे लागते.

क्रियापदाने एवढी लवचिकता दाखवली, मग सर्वनामांचे काय झाले? मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असा भेद आहे. ‘आम्ही निघतो’ यात ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण निघू’ यात तो आत येतो. हिंदीच्या प्रमाण रूपात हा भेद नाही, गुजरातीत आहे, आणि द्राविड भाषांत तो मोठ्या प्रमाणावर आहे. तेलुगूत ‘मेमु’ आणि ‘मनमु’ ही जोडी नेमकी ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांसारखी चालते. त्यामुळे मराठीचा हा भेद द्राविड संपर्कातून आला असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. पण सोलापूरला सर्वांत जवळची आणि सर्वांत जुनी शेजारीण कन्नड, आणि आजच्या कन्नडमध्ये दोन्ही अर्थांना ‘नावु’ हे एकच सर्वनाम चालते. शेजारीण बोलते तसेच सगळे बोलायचे, असा संपर्काचा नियम असता, तर सोलापुरी मराठीत ‘आपण’ कधीच ‘आम्ही’त विरघळून गेला असता. तो विरघळला नाही. विणकाम करायला आलेल्या तेलुगू माणसाला त्याच्या ‘मनमु’साठी मराठीत तयार जागा मिळाली, तर कन्नड माणसाला हा भेद नव्याने शिकावा लागला, आणि तो शिकला. यातून संपर्काचे एक अंग दिसते. सोलापूरच्या मराठीने शेजारणींकडून रचना घेतल्या, पण आपल्याकडे असलेला अर्थभेद टाकून दिला नाही. इंग्रजीचा इतिहास शेजारी ठेवला तर हा फरक ठळक होतो. आज इंग्रजी बोलणारा ‘ते’ या अर्थी जे ‘दे’ सर्वनाम वापरतो, ते इंग्रजीचे मूळचे नाही. इंग्लंडात वसलेल्या स्कँडिनेव्हियन लोकांच्या भाषेतून ते आले. तिथला संपर्क इतका खोल गेला की सर्वनामही बदलले. सोलापुरात हजार वर्षांच्या सहवासात एकही कन्नड वा तेलुगू पुरुषवाचक सर्वनाम मराठीत शिरले नाही.

विशेषणांचा पुरावा मला सर्वांत निर्णायक वाटतो. मराठीत ‘चांगला माणूस’, ‘चांगली बाई’, ‘चांगलं पोरगं’. कन्नडमध्ये ‘ओळ्ळे’ आणि तेलुगूत ‘मंचि’ ही विशेषणे पुरुष, स्त्री, वस्तू कोणाही पुढे तशीच राहतात. द्राविड भाषांत लिंग मुख्यतः अर्थावरून ठरते. खुर्ची स्त्रीलिंगी आणि टेबल नपुंसकलिंगी असा भेद तिथे नाही. मोठेपणी मराठी शिकणाऱ्याला सर्वांत अवघड जाते ते हेच, कारण ‘ती खुर्ची’, ‘तो दगड’, ‘ते झाड’ यांचे लिंग तर्काने ठरत नाही, एकेक शब्द पाठ करावा लागतो. जगभर जिथे प्रौढ माणसांनी मोठ्या संख्येने घाईघाईने परकी भाषा उचलली, तिथे पहिला बळी या निरर्थक वाटणाऱ्या लिंगभेदाचा गेला. जुन्या इंग्रजीत विशेषणाला लिंग, वचन, विभक्तीचे प्रत्यय होते. आज ‘गुड’ पुरुष, स्त्री, घर या सगळ्यांना सारखेच लागते, आणि या झडण्यामागे परकीय वसाहतकारांशी आलेला संपर्क हे एक कारण अभ्यासक देतात. मराठीला तर हा मार्ग घरातच मोकळा होता. ‘लाल’, ‘गोड’, ‘कडू’, ‘सुंदर’, ‘स्वस्त’ ही न बदलणारी विशेषणे मराठीत भरपूर आहेत. त्यांच्या धर्तीवर ‘चांगला’, ‘मोठा’, ‘धाकटा’ यांनाही गोठवता आले असते. सोलापुरी मराठीने तसे केले नाही. ‘थोरली जाऊ’, ‘धाकटा दीर’, ‘तांबडं लुगडं’ यांतले प्रत्यय तिथे पुण्याइतकेच पक्के आहेत. एखाद्या तेलुगू वा कन्नड माणसाच्या मराठीत लिंगाचा घोटाळा होतो तेव्हा तो त्या माणसाच्या शिकण्याचा टप्पा असतो. तो बोलीचा नियम झाला नाही, ही गोष्ट महत्त्वाची. मोडक्या शिकण्यातून सोलापुरी मराठी तयार झाली असती, तर ‘केलो’च्या कितीतरी आधी ‘चांगली’चा ‘चांगला’ झाला असता.

इथे एका मोठ्या मताला उत्तर द्यायला हवे. १९७१ साली भाषाशास्त्रज्ञ फ्रँकलिन साउथवर्थ यांनी असे मांडले की मराठीच्या घडणीतच क्रिओलसारखी, म्हणजे मिश्रणातून नवी भाषा घडण्याची, प्रक्रिया असावी. द्राविड बोलणाऱ्या समाजांनी आर्य भाषा अपुरी उचलली आणि त्या मिश्रणातून मराठी उभी राहिली. प्राचीन काळाबद्दल हे मत खरे की खोटे, हा वेगळा वाद. पण त्याच्या आधारे आजच्या सोलापुरी बोलीला मिश्र किंवा मोडकी म्हणता येणार नाही, कारण क्रिओल बनताना जे पहिल्यांदा झडते तेच इथे शाबूत आहे. योगायोग असा की साउथवर्थ यांचा लेख ज्या ग्रंथात आला, त्याच ग्रंथात जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांचा सांगली जिल्ह्यातल्या मिरजेजवळच्या कुपवाडचा अभ्यासही प्रसिद्ध झाला. कन्नड, मराठी, उर्दू आणि तेलुगू बोलणारे समाज त्या गावात शेकडो वर्षे शेजारी राहत होते. प्रत्येकाने घरची भाषा आणि तिचे शब्द जपले, पण वाक्याची बांधणी इतकी सारखी झाली की एका भाषेतले वाक्य शब्दामागे शब्द ठेवून दुसऱ्या भाषेत नेता यावे. सोलापूर हे कुपवाडपेक्षा कितीतरी मोठे शहर, पण तत्त्व तेच दिसते. कोणीही आपली भाषा सोडली नाही, आणि कोणीही दुसऱ्याच्या भाषेला परके मानले नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतील तरच वाक्यरचना जवळ येते आणि शब्द, सर्वनामे, लिंगे आपापल्या जागी राहतात.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. बोलीचा इतिहास मान्य केला तरी परीक्षेत, कचेरीत, छापील मजकुरात एक प्रमाण रूप लागतेच, तेव्हा शिक्षकाने ‘केलो’ खोडले तर बिघडले काय? प्रमाण रूपाची गरज मी नाकारत नाही. पण ते कसे ठरले हेही सांगायला हवे. मराठीची छापील प्रमाण भाषा एकोणिसाव्या शतकात घडली. १८०५ साली विल्यम केरी यांचे व्याकरण बंगालातल्या श्रीरामपूरला छापले गेले, १८३१ साली मोल्सवर्थचा कोश आला, १८३६ साली दादोबा पांडुरंगांचे व्याकरण आले, आणि शालेय पुस्तकांची भाषा पुण्यात मेजर कँडींच्या देखरेखीखाली तपासली जाऊ लागली. सत्तेच्या आणि शिक्षणाच्या केंद्रातली बोली प्रमाण झाली. ती बोली अधिक तर्कशुद्ध होती म्हणून ही निवड झाली नाही. ‘मी धडा शिकलो’ आणि ‘मी धडा वाचला’ ही दोन्ही वाक्ये बरोबर मानणाऱ्या व्याकरणाला ‘मी धडा वाचलो’वर हसण्याचा तार्किक अधिकार फारसा नाही. शिक्षकाने मुलाला ‘मी काम केले’ जरूर शिकवावे, पण लेखनाचे दुसरे रूप म्हणून. त्याच्या घरच्या रूपाची दुरुस्ती म्हणून नको. ‘चूक’ हा शब्द वहीतल्या एका रूपापुरता थांबत नाही. मूल तो आपल्या आईच्या आणि आजीच्या बोलण्यालाही लावते.

हे तातडीने बोलण्याचे कारण असे की परिस्थिती बदलते आहे. १ नोव्हेंबर १९५६ला भाषावार राज्ये झाली. महाजन आयोगाने १९६७च्या अहवालात अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरचा भाग कर्नाटकाला देण्याची शिफारस केली, आणि महाराष्ट्राने तो अहवाल नाकारला. तेव्हापासून या पट्ट्यात भाषा ही सीमावादाची खूण झाली. सोनल कुलकर्णी-जोशी यांनी कुपवाडचा पुन्हा अभ्यास केला तेव्हा चारही भाषा एकरूप झाल्याच्या जुन्या चित्राला त्यांनी मर्यादा दाखवल्या, आणि राज्यभाषा म्हणून मराठीचे वजन वाढल्यावर जवळ आलेल्या भाषा पुन्हा दूर सरकू लागल्याचेही नोंदवले. शाळा, दूरदर्शन आणि आता मोबाइल यांच्यामुळे सोलापुरातही हीच दिशा आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने मराठी बोलींचे सर्वेक्षण करून जिल्ह्याजिल्ह्यांतले बोलणे ध्वनिमुद्रित केले, ही चांगली सुरुवात आहे. पण सोलापूरच्या पेठापेठांतला, विड्या वळणाऱ्या बायकांचा, यंत्रमागावर काम करणाऱ्यांचा, अक्कलकोटच्या शेतकऱ्यांचा नीट नोंदलेला बोलीसंग्रह अजून हवा आहे. अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठात मराठी आणि कन्नड शिकणारे विद्यार्थी आहेत. घरी तेलुगू आणि उर्दू बोलणारेही आहेत. हे काम त्यांनी एकत्र बसून हाती घ्यावे. हत्तरसंग कुडलच्या लेखाइतकीच ‘करायलाय’ आणि ‘केलो’ ही रूपे सोलापूरच्या इतिहासाची साधने आहेत. फरक इतकाच की लेख दगडावर कोरलेला आहे आणि ही रूपे बोलणाऱ्यांबरोबर संपतात. ती संपण्याआधी नोंदवली पाहिजेत, आणि तोवर कोणत्याही मुलाला त्यांची लाज वाटायला लावू नये.